बोलर ट्रेलर, विनिपेग (१९६८–१९८८): इतिहास, बांधणी आणि आज जुनी घेताना काय तपासावं

मुशाफिर_विनिपेग

कॅनडात उन्हाळ्याच्या सुट्टीत हायवेवर लहानशा गाडीमागे गोलमटोल, तेरा फुटी फायबरचा, आत राहायचा कॅम्पिंग ट्रेलर दिसला, की तो बोलर तरी असतो नाहीतर बोलरचा भाऊबंद. ही विनिपेगची निर्मिती. रे ओलेको यांनी आधी फायबरग्लासच्या हलक्या सेप्टिक टँकवर काम केलं होतं. तोच माल आणि तीच पद्धत वापरून साध्या मोटारीला ओढता येईल असा ट्रेलर त्यांनी उभा केला. साच्याच्या कामात सँडोर डुसा त्यांच्या जोडीला होते. १९६८ मध्ये पहिले ट्रेलर बाहेर पडले, पहिल्या वर्षी शंभरेक, किंमत साधारण १,४०० डॉलर. आकार बोलर हॅटसारखा म्हणून नाव बोलर. १९८८ पर्यंत सुमारे दहा हजार तयार झाले, आणि त्यातले पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत.

दोन गोष्टींवर चर्चा हवी आहे. पहिली, इतका टिकाऊ माल बनवणारी कंपनी स्वतः का टिकली नाही? दुसरी, आज सत्तरच्या दशकातली बोलर विकायला दिसली तर नेमकं काय तपासावं? "फायबर आहे, गंजत नाही, डोळे झाकून घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला धोक्याचा वाटतो.

खिळेठोक

उत्तम धागा. बसतो इथेच.

नवखा_पथिक

तेरा फूट म्हणजे आतली लांबी का? चार माणसं झोपतात असं जाहिरातीत लिहितात, ते कसं काय?

चक्रधर_कॅलगरी

@नवखा_पथिक, तेरा फूट हे पुढच्या दांडीसकट. राहायची जागा दहा फुटांच्या आसपास. मागे टेबल आणि दोन बाकं, टेबल खाली उतरवलं की दोघांचा बिछाना. पुढे सोफा, त्याची पाठ वर उचलून अडकवली की वरखाली दोन फळ्या होतात, त्यावर मुलं. एका बाजूला ओटा: दोन शेगड्या, हातपंपाचं सिंक, बर्फाची पेटी. शिवाय कपड्यांचं उभं कपाट. या कपाटाबद्दल पुढे कुणीतरी सविस्तर लिहा, कारण ते नुसतं कपडे टांगायला नाही.

हसरा_धनंजय

सेप्टिक टँकच्या घराण्यात जन्म आणि आत संडासच नाही! :)

प्रेअरीकन्या

@हसरा_धनंजय :) तेरा फुटीत नव्हता खरा. पुढे सतरा फुटी बोलर १७०० आली, तिच्यात न्हाणीघराची सोय मिळायची.

बोलरला जगातला पहिला फायबरग्लासचा ट्रेलर म्हणायची पद्धत पडली आहे. तसं म्हणू नये. ब्रिटनमध्ये पन्नासच्या दशकातच ट्रेलरच्या छपरांसाठी फायबरग्लास वापरू लागले होते. ओलेकोंचं खरं श्रेय वेगळं आहे. लाकडी सांगाडा पूर्ण काढून टाकायचा, कवचानेच स्वतःचा भार पेलायचा आणि रिकाम्या ट्रेलरचं वजन हजार पौंडांच्या आत ठेवायचं, हे त्यांनी करून दाखवलं आणि लोकांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत विकलं.

राळमिस्त्री

सेप्टिक टँकचा संबंध वरवरचा नाही, म्हणून जरा खोलात लिहितो. टाकी दोन अर्धुकांत तयार होते आणि कमरेला जोडली जाते. बोलरही तशीच. वरचं कवच एका साच्यात, खालचं दुसऱ्यात, मध्ये आडवा सांधा, आतून मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिन (वाळून घट्ट होणारी राळ), बाहेरून पट्टी. त्या काळच्या नेहमीच्या ट्रेलरला लाकडी चौकट आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असायचा. प्रत्येक कोपऱ्यावर दोन पत्रे भेटतात, तिथली फट बुजवणारी पुट्टी वाळते, पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. बोलरला कोपराच नाही. पाणी शिरायच्या जागा उरतात त्या खिडक्या, छताची झडप, रिव्हेटची भोकं आणि कमरपट्टी.

साच्याचं काम असं चालतं: साचा आरशासारखा घासून वॅक्सचे चार-पाच हात, मग सुटं करणारं पातळ द्रावण, मग जेलकोट (कवचाचा बाहेरचा गुळगुळीत थर). ओला थर अर्धा मिलिमीटर किंवा थोडा कमी हवा. पातळ राहिला तर मागून येणाऱ्या रेझिनमधलं स्टायरीन (रेझिन पातळ ठेवणारं द्रावक) त्याला चावतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. जाड झाला तर काही वर्षांनी केसासारख्या चिरा. जेलकोट बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, त्या वेळेला पहिली मॅट पडली पाहिजे. मग रोलर फिरवून हवा काढायची. इथे हयगय झाली की आत पोकळी राहते. आज जुन्या बोलरवर नाण्याने टकटक करत गेलात तर भरीव आवाज अचानक भद्द होतो, ती जागा हीच.

कवच बहुतेक ठिकाणी जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. त्याला ताठपणा येतो तो गोलाईमुळे आणि आतल्या सामानामुळे. वर चक्रधर म्हणतात ते कपाट आणि ओट्यावरची कप्पेवाली पेटी, दोन्ही छताला रिव्हेटने बांधलेली असतात. हे फर्निचर म्हणजे छताचे खांब आहेत.

सुतारपक्षी

+१. जुन्या बोलरचं सर्वात जास्त नुकसान हौशी नूतनीकरण करणाऱ्यांनी केलं आहे. पहिल्याच दिवशी कपाट आणि वरच्या पेट्या उपटून बाहेर. आठवडाभर उन्हात उभी राहिली की छत बसतं, बाजू बाहेर फुगतात आणि दरवाजा लागेनासा होतो. दरवाजा कवचाच्याच गोलाईचा असल्यामुळे चौकट जराशी पसरली तरी त्याचं खालचं टोक बाहेर डोकावतं. लोक बिजागऱ्या बदलत बसतात, दोष बिजागरीत नसतोच.

उपाय: छताखाली दीड-दोन फुटी प्लायचा तुकडा, त्याला वरून फोम, त्याखाली जॅकचा खांब. दिवसाला अर्धा इंच, त्याहून घाई नको. जॅकचा पाय थेट जमिनीच्या प्लायवर ठेवू नका, खाली फ्रेमच्या आडव्या पट्टीवर येईल असा ठेवा. दरवाजाची फट वर-खाली सारखी झाली की मग कपाट परत बसवायचं आणि शेवटी खांब काढायचा.

नवखा_पथिक

म्हणजे विकत घेताना दरवाजा बघितला की छताची हालत कळली?

सुतारपक्षी

बऱ्याच अंशी. दरवाजा बंद करून बाहेरून कडेकडेने हात फिरवा. खाली अर्ध्या इंचाहून जास्त बाहेर आला असेल तर आत कपाट जागेवर आहे का ते आधी बघा. कपाट असूनही बाहेर येत असेल तर फ्रेम वाकलेली असण्याची शक्यता आहे, तिथे आसवाल्यांना विचारा.

आसवाला

हजर. "डोळे झाकून घ्या" म्हणणाऱ्यांना विरोध करायला मुशाफिरांना माझा पूर्ण पाठिंबा. फायबर गंजत नाही, पण खालची फ्रेम लोखंडाची आहे आणि एक्सलमध्ये रबर आहे. पन्नास वर्षांत दोन्ही म्हातारी होतात.

आधी एक्सल. बोलरला पाट्यांची स्प्रिंग नाही. चौकोनी नळीच्या आत रबराच्या दांड्या दाबून बसवलेल्या असतात आणि चाकाचा आर्म त्या रबराला पीळ देतो. नवा असताना आर्म नळीपासून खाली झुकलेला असतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकामागे डोकवा. चाकाची दांडी नळीच्या मध्यापेक्षा खाली असेल तर जीव शिल्लक आहे. सरळ रेषेत आली तर रबर थकलंय. वर गेली असेल तर संपलं, भाव करताना नव्या एक्सलचा खर्च धरूनच बोला. खात्रीसाठी फ्रेमखाली जॅक लावून चाक उचला. आर्म खाली यायला हवा. जागचा हललाच नाही तर रबर गोठून दगड झालंय. हे रबर बदलता येत नाही, अख्खा एक्सलच बदलावा लागतो.

मेलेल्या एक्सलने ट्रेलर रस्त्यावर चालतो, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. पण प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट कवचात जातो. रिव्हेट तुटतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, फ्रेमला तडे जातात.

फ्रेमचे तडे दोन जागी शोधा: पुढची दांडी कवचाखाली शिरताना जिथे वळते तिथे, आणि एक्सल जिथे वेल्ड केलेला आहे त्याच्या पुढे-मागे. तारेचा ब्रश मारून बॅटरीचा प्रकाश तिरका पाडा. रंगाखालचा तडा गंजाच्या बारीक तांबड्या रेघेसारखा दिसतो. फ्रेमची नळी आतून गंजते, म्हणून हातोडीने ठोकून आवाज ऐका आणि तळाला टोच्याने दाबून बघा.

दुरुस्ती: तड्याच्या टोकाला भोक, तडा व्ही आकारात घासून भरायचा, मग वरून पत्ती. पत्तीची टोकं निमुळती हवीत. चौकोनी पत्ती मारून नळीच्या आडव्या दिशेने वेल्डिंग केलं तर पुढचा तडा तिथूनच सुरू होणार.

खिळेठोक

एक भर. एक्सल जागेवर असताना त्याच्या नळीवर किंवा अगदी लगत वेल्डिंग करू नका. आतलं रबर भाजतं. नवा एक्सल घ्याल तो बोल्टच्या ब्रॅकेटचा घ्या, वेल्ड फक्त ब्रॅकेटला. पुढच्या वेळी पाना लावून निघतो.

चक्रधर_कॅलगरी

वजनाबद्दल. कारखान्याचा हजार पौंडांच्या आतला आकडा कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचा होता. बॅटरी, गॅस, पाणी, छत्रीचा मांडव, भांडीकुंडी धरून आज काट्यावर साधारण १,२०० ते १,५०० पौंड भरतात. ओढायच्या गाडीची क्षमता त्यावरून ठरवा, जुन्या माहितीपत्रकावरून नको.

हुकवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १२ टक्के. ६०० किलोचा ट्रेलर असेल तर ६० ते ७२ किलो. घरचा वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन मोजता येतो. ठोकळ्याची उंची अशी धरा की दांडी सपाट राहील. मागच्या बाकाखाली जड सामान भरलं की हा भार घटतो आणि ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नाही. पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरला वेगळे विजेचे ब्रेक असतील तर फक्त तेवढे हाताने लावा.

आणि टायर. नक्षी कोरी दिसली तरी बाजूचा चार आकड्यांचा शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर ट्रेलरवर नको.

कोकणदर्या

विषय वाचून राहवलं नाही. मालवण-रत्नागिरीकडे मासेमारीच्या होड्या आता बऱ्याच फायबरच्या आहेत, तिथलं तंत्र अगदी हेच. फरक हवेचा. कोकणात मे महिन्यात ३३-३४ अंशाला हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक टक्का पुरे होतो, नाहीतर डब्यातच धूर निघतो. पावसाळ्यात मॅट दमट राहिली की थर पांढरट पडतो आणि तिथून पापुद्रा सुटतो. तुमच्याकडे विनिपेगला उलटं असणार.

शिवाय इकडे रेझिन बऱ्याचदा कोबाल्टशिवाय मिळतं, हा ॲक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा घटक) वेगळा घालावा लागतो. नवीन मंडळींनी लक्षात ठेवा: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळा, मग हार्डनर.

राळमिस्त्री

@कोकणदर्या, अगदी बरोबर. कॅनडात दुकानात मिळणाऱ्या रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, फक्त हार्डनर टाकायचा. १५ अंशांच्या खाली काम करूच नये. १८-२० अंशाला दीड टक्का, म्हणजे किलोला १५ ग्रॅम, मग हाताशी पंधरा-वीस मिनिटं मिळतात. थंडी आहे म्हणून तीन-चार टक्के ओतणारे असतात. असा थर घट्ट झाल्यासारखा वाटतो पण ठिसूळ राहतो.

आता चिरेची दुरुस्ती सविस्तर, कारण बाजारात नुसती पुट्टी भरून रंग मारलेल्या बोलर भरपूर आहेत.

चीर फक्त जेलकोटची आहे की आरपार, हे आधी ठरवा. आतलं अस्तर थोडं सोडवून मागून बघा, मागे पांढरी रेघ असेल तर आरपार. टोकांना ३ मिलिमीटरचं भोक. मग उतरता उतार घासायचा: कवचाच्या जाडीच्या बारापट रुंद. ३ मिलिमीटरला दोन्ही बाजूंना साधारण ३६. लोकांना एवढं घासवत नाही, अर्ध्या इंचात उरकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच चीर रंगातून वर येते. ताकद उतारावरच्या चिकटण्यात आहे.

शक्य असेल तिथे आतून भरा, म्हणजे बाहेरचा जेलकोट वाचतो. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर बसला की साधारण एक मिलिमीटर जाडी येते, म्हणून तीन थर, छोट्यापासून मोठ्याकडे. रेझिन मॅटच्या वजनाच्या अडीचपट. त्याहून जास्त ओतलं तर ताकद वाढत नाही, उलट थर ठिसूळ होतो. आधी ॲसिटोनने पुसा, ते पूर्ण उडू द्या. शेवटी जेलकोट लावताना त्यात वॅक्सचं द्रावण घाला किंवा वरून पातळ प्लास्टिक चिकटवा. साधा जेलकोट हवेला लागून वरून चिकटच राहतो.

नाकाला कागदी मास्क पुरत नाही. घासताना धुळीचा, रेझिन लावताना वाफेसाठीचा काडतुसवाला मास्क हवा.

खिळेठोक

इपॉक्सीच का नको? जुन्या पॉलिस्टरला इपॉक्सी जास्त चांगली चिकटते.

राळमिस्त्री

चिकटते, हे खरं. पण दोन अडचणी. साध्या मॅटमधले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. विणलेलं कापड वापरावं लागतं. दुसरी अडचण, इपॉक्सीवर पॉलिस्टर जेलकोट धड बसत नाही. वरून रंगच मारायचा असेल तर इपॉक्सी वापरा, माझी हरकत नाही. मूळ जेलकोट दिसता ठेवायचा असेल तर पॉलिस्टर.

खिळेठोक

मान्य. आता माझ्या नावाला जागून रिव्हेटबद्दल. बोलरच्या कवचाला बाहेरून जे गोल ठिपके दिसतात ते आतल्या पेट्यांचे रिव्हेट, वर प्लास्टिकच्या टोप्या. पाणी शिरायची पहिली जागा हीच. बदलताना जुन्या रिव्हेटचं डोकं त्याच मापाच्या ड्रिलने उडवा, पण रिव्हेट ड्रिलसोबत गरगरायला लागला तर थांबा, नाहीतर भोक मोठं होतं. डोकं पकडीने धरा आणि मग उडवा. नवे ३/१६ इंची ॲल्युमिनियमचे, मोठ्या डोक्याचे, आतून वॉशर. भोकात आधी सीलंट.

स्टेनलेसचे रिव्हेट मजबूत म्हणून सुचवतात. माझं मत विरोधात. ओढताना ते इतके कसतात की भोकाभोवती जेलकोट चिरडतो, आणि पुढे काढायचे झाले तर ड्रिल घसरून कवच खराब होतं.

आसवाला

मी स्टेनलेसचे रिव्हेट नाही म्हणत, पण वरच्या पेट्यांसाठी स्टेनलेसचे बोल्ट आणि आतून टोपीनट जरूर म्हणेन. खाली रबरी वॉशर. छताचा भार आहे तिथे ॲल्युमिनियमचा रिव्हेट खड्ड्यांच्या रस्त्यावर तुटतोच.

खिळेठोक

एक्सल जिवंत असेल तर तुटत नाही. :) पण बोल्ट चालेल, फक्त बेताने आवळा. ३ मिलिमीटरचं फायबर दाबलं की पिचतं.

सुतारपक्षी

सीलंटचा विषय निघालाच आहे तर हात जोडून विनंती: सिलिकॉन लावू नका. खिडकीला नाही, रिव्हेटला नाही, छताच्या झडपेला नाही. त्याचा अदृश्य थर कवचावर राहतो आणि त्यावर पुढे ना रंग बसतो ना दुसरा सीलंट. खिडकीच्या चौकटीमागे ब्यूटाइलची (चिकट रबरी) पट्टी, स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळा. दोन दिवसांनी पट्टी दबते, मग परत आवळा, बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पातीने कापा. झडपेच्या काचा असलेल्या जुन्या खिडक्या असतील तर त्यांच्या कडांचे रबर आणि हँडलच्या पेटीतले दाते तपासा, दाते झिजले की काचा पुऱ्या मिटत नाहीत.

आतलं अस्तर: मूळचं म्हणजे फोमवर चढवलेलं व्हिनाइल, थेट कवचाला चिकटवलेलं. मळकं दिसलं म्हणून फाडू नका. ते काढलं की पहाटे आत दव धरतं आणि बिछाना ओला होतो. साबणाच्या पाण्याने धुवा, लोंबलेला भाग उष्णता सोसणाऱ्या काँटॅक्ट गोंदाने परत चिकटवा. दोन्ही बाजूंना गोंद, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा.

जमीन: प्लाय कुजतो तो दरवाजाशी आणि ओट्याखाली. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. नवीन शीट कितीही चकाचक असली तरी कोपरा उचलून बघायचा आग्रह धरा.

गॅसबत्ती

गॅसबद्दल कुणी लिहिलं नाही. जुना रेग्युलेटर बघायचाही नाही, बदलायचा. शेगडीकडे जाणारा दाब ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका हवा. तांब्याची नळी फ्रेमला जिथे घासते तिथे झिजलेली असते, तिथे रबरी बूच बसवा. सांधे साबणाच्या फेसाने तपासा. कॅनडात सिलिंडरवरची तारीख दहा वर्षांच्या आतली लागते, नाहीतर भरून देत नाहीत. दहा फुटांच्या बंद खोलीत शेगडी पेटते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा, दोन्ही अलार्म हवेत. शेगडीवर खोली गरम करायची नाही, काहीही झालं तरी.

दिव्यांचं बरंचसं दुखणं म्हणजे अर्थिंग. पांढरी तार फ्रेमला जिथे स्क्रू केली आहे तिथला रंग खरवडा, निम्मे दिवे तिथेच लागतात.

उत्तरायण

हिवाळ्यासाठी: ताडपत्री घट्ट बांधू नका. वाऱ्याने ती घासत राहते आणि जेलकोटचा पॉलिश उतरतो. छतावरचा बर्फ मऊ झाडूने काढा, फावड्याने नाही. हातपंप आणि नळीतलं पाणी पूर्ण काढा. छतावर एसी बसवायचा विचार असेल तर वरचा खांबांचा मुद्दा परत वाचा: आधाराची कमान आत बसवल्याशिवाय तेवढं वजन छताला पेलत नाही.

मुशाफिर_विनिपेग

सर्वांचे आभार, दुसऱ्या प्रश्नावर तर खजिनाच जमा झाला. पहिला प्रश्न मात्र बाजूला पडला. कंपनी का टिकली नाही?

प्रेअरीकन्या

लिहिते. टिकली नाही म्हणताना एक लक्षात घ्या, आराखडा टिकला. मिनेसोटातल्या बॅकस गावी इव्हलँड कुटुंबाने परवान्याखाली बोलर बनवायला घेतली, त्यातून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्कॅम्प ही कंपनी झाली. २००६ मध्ये तिथला कारखाना जळाला, तरी स्कॅम्प परत उभी राहिली. पुढे टेक्सासातल्या राइस गावी केसिटा ही तसेच ट्रेलर बनवणारी कंपनी आली. ओंटारिओत ट्रिलियम. १९८४-८५ मध्ये यू-हॉलने भाड्याने द्यायला फायबरचे ट्रेलर काढले. त्यातल्या कितीतरींची पार्श्वरेषा बघितली की ओलेकोंचा आकार ओळखू येतो. २०१८ मध्ये पन्नाशीनिमित्त विनिपेगला शेकड्यांनी ट्रेलर जमले, त्यात हे सगळे भाऊबंद होते.

माझ्या मते अडचण धंद्याच्या स्वरूपातच होती. ट्रेलर म्हणजे हलका पण प्रचंड जागा खाणारा माल. विनिपेगहून ओंटारिओला किंवा किनाऱ्याला पाठवायचा तर ट्रकवर चार-दोनच मावतात आणि भाडं भरायचं ते हवेचं. म्हणून परवाने देऊन जागोजागी बनवणं भाग पडलं. काही बोलरच्या पाटीवर निओनेक्स या कंपनीचं नाव दिसतं ते अशाच पुढच्या काळातलं. जागोजागी बनू लागल्यावर सगळीकडे एकच दर्जा सांभाळणं अवघड.

राळमिस्त्री

त्यात आणखी एक. पत्र्याच्या ट्रेलरची नक्कल करायला कारागीर लागतो. फायबरच्या वस्तूची नक्कल करायला ती वस्तूच पुरते: तयार कवचाला वॅक्स लावा, वरून मॅट मारा, सुटा करा, साचा तयार. ओलेकोंची खरी कमाई होती साच्यात घातलेले श्रम, आणि नेमकी तीच गोष्ट या मालात राखून ठेवता येत नाही.

चक्रधर_कॅलगरी

हे पटतं, पण पैशाची बाजू विसरू नका. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हलक्या ट्रेलरला मागणी असायला हवी होती आणि ती होतीही. पण १९८१ मध्ये कॅनडात बँक दर २० टक्क्यांच्या वर गेला. ट्रेलर लोक कर्जाने घेतात, विक्रेतेही माल कर्जावर उभा करतात. त्या व्याजात भलेभले कारखाने कोलमडले.

प्रेअरीकन्या

व्याजाने सगळेच भाजले, तरी स्कॅम्प त्याच काळातून तरली. ती थेट कारखान्यातून गिऱ्हाइकाला विकायची, मध्ये विक्रेत्याचा माल कर्जावर उभाच नव्हता. तेव्हा व्याज हे कारण मी मान्य करते, पण ते लागू पडलं विकायच्या पद्धतीमुळे.

चक्रधर_कॅलगरी

ताई, हा मुद्दा बिनतोड आहे.

नवखा_पथिक

शेवटचा प्रश्न. ट्रेलर घेतलाच, तर कामाचा क्रम काय? आणि एक्सलची ऑर्डर देताना कुठली मापं लागतात?

सुतारपक्षी

क्रम: छताला आधार, मग फ्रेम आणि एक्सल, मग जमीन, मग कवचाच्या चिरा आणि रिव्हेट, मग खिडक्या, मग वायरिंग आणि गॅस. पडदे-गाद्या सर्वात शेवटी. बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात.

आसवाला

मापं पाच: दोन्ही हबच्या चाक बसणाऱ्या पृष्ठभागांमधलं अंतर, फ्रेमची बाहेरून रुंदी, आर्म पुढे आहे की मागे, चाकाचे बोल्ट किती आणि किती अंतरावर, आणि आर्मचा सुरुवातीचा कोन. कोन २२.५ अंश खाली मागा. हबचं माप जुना एक्सल निघायच्या आधी, चाकं काढून, दोनदा घ्या. चाक कवचाच्या खोबणीत बसतं, अर्ध्या इंचाची चूक झाली तर टायर फायबरला घासतो.

क्षमता जास्त घेण्याचा मोह टाळा. भरलेला ट्रेलर १,५०० पौंडांचा असेल तर २,००० चा एक्सल. ३,५०० चा स्वस्त मिळतो म्हणून लावलात तर रबर दबणारच नाही आणि मेलेल्या एक्सलसारखेच हादरे बसतील. ब्रेकची चौकट नव्या एक्सलसोबतच मागवा, नंतर बसवायला दुप्पट मेहनत. बेअरिंग बसवताना हब फिरवत नट आवळा, मग पूर्ण सैल करा, मग फक्त बोटांनी आवळून स्प्लिट पिन. पन्नास-एक किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर नट जास्त आवळलाय.